चारीत उरलेलं पाणी

कोल्हार भगवतीपूर,
रविवार, रात्र

चि. छकुलीस,



परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "मामा, आज बोर्डानं जरा झिणझिण्या दिल्या. काही नाही, ठीक आहे." आणि लगेच दसऱ्याला कधी येणार, मामीला काय आणू, हे सुरू केलंस. मी मध्येच विचारलं, "स्विच बंद होता का?" तू म्हणालीस, "स्विच काय, प्लगसुद्धा काढला होता." फोन ठेवला आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. तुझ्या मामीनं दोनदा विचारलं, मी नीट उत्तर दिलं नाही. प्लग काढलेला असताना शॉक बसला, याचीच मला धडकी भरली. चालू बोर्डाला हात लागला असता तर तू स्वतःच घाबरली असतीस आणि पुन्हा जपून वागली असतीस. बंद बोर्डाचा झटका माणूस विसरून जातो.

फोनवर हे सगळं बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. पाकीट मुद्दाम उघडं ठेवलंय. लोणीच्या कॉलेजातून तुझ्याबरोबर बाहेर पडलेली जी पोरं आज पुण्यात गाड्यांच्या इन्व्हर्टरवर आणि चार्जरवर काम करतात, त्यांनाही हे वाचायला दे.

भंडारदऱ्याचं आवर्तन संपलं की पाटाचा दरवाजा बंद होतो, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. दरवाजा पडला म्हणून चारी त्याच क्षणी कोरडी होते का? पाणी तसंच उभं राहतं, हळूहळू मुरतं, आणि कोणाचं शेततळं भरलेलं असेल तर ते महिनाभर भरलेलंच राहतं. तुझ्या बोर्डावरचा तो मोठा निळा कॅपॅसिटर म्हणजे शेततळं आहे. प्लग काढणं म्हणजे वर दरवाजा पाडणं. खाली किती पाणी उभं आहे, ते दरवाजाकडे बघून कळत नाही.

माझ्या उजव्या हातावर मनगटापासून वर जाणारा जो व्रण आहे, त्याबद्दल तू सहा-सात वर्षांची असताना विचारलं होतंस. उसाचं पातं लागलं, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. १९९४ सालची गोष्ट. दुकानात २१ इंची कलर टीव्ही आला होता, पूर्ण डेड. गिऱ्हाइकाला भगवतीच्या यात्रेआधी सेट घरी हवा होता. मी प्लग काढला, मागचं कव्हर उघडलं आणि चॅसी उलटी करायला हात घातला. तळहात थेट एसएमपीएसच्या, म्हणजे सेटच्या पॉवर सप्लायच्या, कंडेन्सरच्या डागांवर पडला; तुम्ही ज्याला कॅपॅसिटर म्हणता तोच हा. २२० मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा कंडेन्सर. मेन्सचे २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की शिखरापर्यंत, म्हणजे ३२५ व्होल्टपर्यंत जातात. तेवढे त्यात भरलेले होते. हात आपोआप मागे फेकला गेला, कोपर पिक्चर ट्यूबच्या नळीवर आदळलं, नळी तुटून हवा आत शिरल्याचा फुस्स असा आवाज आला, आणि पत्र्याच्या कडेनं हात उभा चिरला. शॉकनं जेवढं केलं त्याहून जास्त त्या हिसक्यानं केलं. डॉक्टरांनी टाके घातले. तुझ्या आजीला मी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही.

पुढे कित्येक दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. चांगले चालते सेट मी रोज उघडत होतो, कधी असं झालं नव्हतं. हाच का? उत्तर सेटमध्येच होतं. त्याचा स्टार्ट-अपचा रेझिस्टर ओपन झालेला होता, म्हणून एसएमपीएस चालूच होत नव्हता. चालता सेट बंद केला की मागची सर्किटं कंडेन्सरमधली वीज काही सेकंदांत पिऊन टाकतात. मेलेल्या सेटला पिणारं कोणी नसतं. त्यात भरलेलं तसंच राहतं, कधी मिनिटं, कधी तास. तुझ्या कामात हे रोज घडणार आहे, छकुली. बोर्ड नीट चालतो तेव्हा तू त्याला हात लावत नाहीस, स्क्रीनवर वेव्हफॉर्म बघतेस. बोर्ड बंद पडला, एखादा मॉस्फेट उडाला, फ्यूज गेला, की तू पक्कड आणि सोल्डरिंग गन घेऊन जवळ जातेस. म्हणजे ज्या वेळी तो भरलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमक्या त्याच वेळी तुझे हात त्याच्यावर असतात.

आता तुझ्या बोर्डाचं गणित मांडू. तू सांगितलंस की पुढच्या टप्प्यात पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट आहे आणि डीसी बस ४०० व्होल्टची आहे. कॅपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा धरू. अर्धा गुणिले सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग. साडेसदतीस ज्यूलच्या वर येतात. माझ्या त्या टीव्हीत साडेअकरा होते. कोरडी कातडी चांगला अडथळा करते, पण एवढ्या व्होल्टेजला ती टिकत नाही. शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर पहिल्या क्षणी चारशे मिलिअँपिअर वाहतात आणि कॅपॅसिटर उतरायला अर्धा सेकंद घेतो. हा करंट एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर वाटेत छाती आहे.

तुला नुसत्या झिणझिण्या आल्या, कारण तू हात लावेपर्यंत ब्लीडरनं, म्हणजे कॅपॅसिटर उतरवायला त्याला जोडलेल्या रेझिस्टरनं, बहुतेक वीज उतरवलेली असावी. तेवढा वेळ मध्ये गेला हा तुझा योग.

'हाय व्होल्टेज' या शब्दानं आपल्या गावाकडची माणसं फसतात, आणि मला वाटतं तुम्ही शिकलेली पोरंही फसता. आपल्याकडे हाय म्हणजे डीपीच्या वरची ११ केव्हीची तार. १९५६ च्या जुन्या वीज नियमांत तर २५० व्होल्टपर्यंत लो, ६५० पर्यंत मीडियम आणि त्याच्यापुढे हाय, अशी वर्गवारी होती. त्या हिशेबानं तुझे चारशे व्होल्ट मधल्या वर्गात बसतात. पण तुमच्या बाकावर साधारण ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की धोका सुरू झाला असं मानतात, आणि ते बरोबर आहे. वर्ग बघून हृदय थांबत नाही.

उलट बाजूही बघ. तुझ्या धाकट्या मामाच्या मळ्याला झटका मशीन आहे. त्याच्या तारेवर हजारो व्होल्ट असतात आणि तरी गाय शिवली तर ती फक्त मागे सरते. कारण तो ठोका सेकंदाला एखादाच, फार थोड्या वेळाचा, आणि त्यातली ऊर्जा पाच ज्यूलच्या आत ठेवायचा दंडक आहे. तेच कुंपण कोणी वेड्या माणसानं थेट मेन्सला जोडलं की माणसं मरतात. दरवर्षी कुठे ना कुठे मरतातच. म्हणून व्होल्टचा आकडा एकटा बघू नकोस. मागे किती साठा आहे आणि तो किती वेळ वाहू शकतो, ते बघ.

अमेरिकेत बर्कलीला चार्ल्स डॅल्झील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वेच्छेनं पुढे आलेल्या माणसांच्या हातात तार देऊन, कितव्या मिलिअँपिअरला हात सुटेनासा होतो ते मोजलं. त्यांच्याकडच्या ६० सायकलच्या एसीला पुरुषांची सरासरी १६ आली, स्त्रियांची साडेदहा. हा फरक मी तुला मुद्दाम सांगतोय. साडेदहा मिलिअँपिअर म्हणजे एका छोट्या एलईडीला लागतो तेवढा करंट. याच डॅल्झील यांनी पुढे १९६१ मध्ये गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. आपल्या घरी पाण्याच्या मोटरीला जो ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर मी बसवलाय, तो त्याच घराण्यातला. पण तुझ्या बाकावर त्याचा भरवसा धरू नकोस. तो फक्त मेन्समधून जमिनीकडे जाणारी गळती बघतो. कॅपॅसिटरमधला साठा तुझ्या एका बोटातून दुसऱ्या बोटात गेला तर त्याला पत्ता लागत नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचंही त्याला दिसत नाही.

मग करायचं काय, ते सांगतो.

ब्लीडर किती ओहमचा आहे ते स्केमॅटिकमध्ये शोध. समज २२० किलोओहम आहे. ४७० मायक्रोफॅरडबरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट १०३ सेकंद होतो. चारशेवरून साठपर्यंत यायला सव्वातीन मिनिटं लागतात. कोणी रिपल कमी करायला शेजारी तसाच दुसरा कॅपॅसिटर लावला, की साडेसहा मिनिटं. हा आकडा कागदावर लिही आणि बोर्डाच्या शेजारी चिकटव. तुमच्या बोर्डावर डीसी बसमध्ये वीज आहे हे दाखवणारा लाल एलईडी असेल. तो विझला म्हणजे वीज संपली असं समजायचं नाही. एलईडी जळालेला असू शकतो, आणि ब्लीडरचा डाग सुटलेला असेल तर तुझी सव्वातीन मिनिटं संपतच नाहीत.

वाट पाहून झाली की मीटर. पण आधी मीटर एखाद्या चालू सप्लायवर लावून तो खरं सांगतो का ते बघ. मग बोर्डावर मोज. मग परत त्या चालू सप्लायवर. मधल्या मोजणीत शून्य दिसलं आणि शेवटच्यातही शून्य दिसलं, तर मीटरची बॅटरी गेली आहे किंवा प्रोबची तार आतून तुटली आहे, बोर्ड रिकामा आहे असं नाही. माझ्या ओळखीतल्या चांगल्या चांगल्या वायरमननी ही तिसरी पायरी कधी केलेली नाही, आणि मला त्याची काळजी वाटते. मीटरची पिन अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हेही प्रत्येक वेळी बघ; तशी राहिली आणि तू व्होल्ट मोजायला गेलीस तर तो सरळ शॉर्ट असतो.

उरलेली वीज रेझिस्टरमधून उतरव. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय आमच्या पिढीनं लावली, ती वाईट. त्यात धातू वितळून उडतो, ट्रॅक उखडतो, कॅपॅसिटर आतून दुखावतो. बल्ब लावणारेही आहेत. मीही वर्षानुवर्षं लावला. पण तीस-चाळीस व्होल्टला बल्ब उजेडच देत नाही, त्यामुळे तो विझला एवढ्यावर विश्वास ठेवता येत नाही. आणि उतरवून झालं की दोन्ही टोकं जोडलेलीच ठेव. तेलाचा डबा उपडा करून निथळला, तरी थोड्या वेळानं तळाशी तेल उतरतंच. मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं तसंच आहे. तू पाठ फिरवलीस की त्यात काही व्होल्ट पुन्हा उभे राहतात.

आता ग्राउंड. या एका शब्दानं आमच्या धंद्यात जितकं नुकसान केलंय, तितकं कशानंच केलं नसेल. नकाशात ग्राउंडची खूण दिसली की पोरं समजतात जमीन, म्हणजे हात लावायला हरकत नाही. आमच्याकडे दोन शब्द आहेत, हॉट ग्राउंड आणि कोल्ड ग्राउंड. ब्रिज रेक्टिफायरच्या मागची जी ऋण रेघ आहे तिला सगळे ग्राउंड म्हणतात, पण खऱ्या जमिनीशी तुलना केली तर ती मेन्सबरोबर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत खाली जाते आणि परत येते. अशा रेघेला तू ऑसिलोस्कोपची, म्हणजे स्कोपची, क्लिप लावलीस तर? स्कोपच्या क्लिपला आतून थेट अर्थिंग असतं. म्हणजे तू फेजचा अर्थला शॉर्ट केलास.

मी तो केलाय. पुण्याहून जुना स्कोप आणला होता, फार हौसेनं. पहिल्याच आठवड्यात क्लिप लावली आणि प्रोबचं टोक डोळ्यांदेखत उडालं. त्यानंतर मी जे केलं ते अजून वाईट. स्कोपच्या प्लगची अर्थ पिन कापली. प्रोब उडायचं थांबलं, पण स्कोपचा अख्खा पत्रा, प्रत्येक नॉबच्या मागचा धातू, तीनशे व्होल्टवर जाऊन बसला. पाच महिने मी तसा वापरला आणि दुकानात तेव्हा तुझी आई चहा घेऊन यायची. आज ते आठवलं की हात गार पडतात. तुमच्या लॅबमध्ये कोणी पिन कापलेली केबल दिली तर ती हातात घेऊ नकोस. डिफरन्शियल प्रोब माग. महाग असतो म्हणून एकच आहे असं सांगतील. मग तो मोकळा होईपर्यंत थांब.

तसंच लॅपटॉपचं. बोर्डाची कंट्रोलची बाजू मेन्सपासून वेगळी केलेली आहे की नाही, हे बोर्ड बघून कळत नाही, स्केमॅटिक बघूनच कळतं. वेगळी नसेल आणि तू यूएसबीची तार सरळ जोडलीस, तर ते चारशे व्होल्ट लॅपटॉपच्या पत्र्यापर्यंत येतात आणि तू त्यावर मनगटं टेकवून टाइप करत असतेस. मध्ये यूएसबी आयसोलेटर हवाच. हीटसिंकही चाचपायचा नाही. मॉस्फेटची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते. मध्ये मायकाचा पत्रा असला आणि तो कुठे फाटला, तर तो सगळा ॲल्युमिनियमचा ठोकळा जिवंत असतो.

तुम्ही वापरता त्या इव्हॅल्युएशन बोर्डांची खरी अडचण मला वाटते ती ही, की ते मुद्दाम उघडे बनवतात. टीव्हीला कव्हर होतं, सौर पंपाच्या कंट्रोलरला डबा असतो. तुमचा बोर्ड तुम्हाला प्रत्येक ठिकाणी मोजता यावं म्हणून नागडा येतो, सुबक हिरवा, नावं छापलेला, आणि इतका नीटनेटका की शाळेतल्या प्रयोगाचा वाटतो. बरोबर येणाऱ्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की हे फक्त प्रशिक्षित माणसानं लॅबमध्ये वापरायचं. ते पान तू वाचलंस का? खरं सांग. त्याच्यावर ॲक्रिलिकचं झाकण बसवून घे, आणि झाकण उचललं की सप्लाय तुटेल असा स्विच. प्रोब बंद बोर्डावर लावायचे, झाकण घालायचं, मग वीज द्यायची. पहिल्यांदा वीज देताना करंट मर्यादा खाली ठेवून, हळूहळू व्होल्टेज चढवत. डोळ्यांवर चष्मा. कॅपॅसिटर फुटतो तेव्हा त्याचं टोपण बंदुकीच्या गोळीसारखं येतं.

तू म्हणालीस की संध्याकाळी सातनंतर लॅब रिकामी असते, म्हणून तेव्हा काम चांगलं होतं. ते बंद कर. यावर मी तुझं काही ऐकणार नाही. चारशे व्होल्ट चालू असताना खोलीत दुसरं माणूस हवं, आणि लाल बटण कुठे आहे ते त्याला माहीत हवं. त्यानं तुला आधी हात लावायचा नाही, आधी वीज तोडायची. छाती दाबायची कशी हे तुम्ही दोघांनी शिकून घ्या. तुला आवडेल म्हणून सांगतो, ही छाती दाबायची पद्धत १९६० मध्ये जगापुढे मांडणाऱ्यांत एक विजेचा इंजिनिअर होता. विल्यम कौवेनहोवन, जॉन्स हॉपकिन्सचे. लाईनवर काम करणारी माणसं शॉकनं मरतात, त्यांचं थांबलेलं हृदय परत कसं चालवायचं, याच प्रश्नावर वीज कंपन्यांच्या पैशानं त्यांचं काम सुरू झालं होतं. म्हणजे ती विद्या आपल्याच धंद्यातून आलेली आहे. छाती दाबत राहायचं आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा.

आपल्या पट्ट्यात वीज सहकारातून आली. मुळा-प्रवरा संस्था १९६९ ला नोंदली गेली, देशातल्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी एक, आणि २०११ पर्यंत बिल तिचंच यायचं. चाळीस वर्षांत लोक तारेला भ्यायला शिकले. पावसात खांबाच्या ताणाला हात लावू नये, रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला जाताना चप्पल घालावी, हे तुझ्या आजोबांनाही कळत होतं. डब्यातल्या विजेला भ्यायला मात्र अजून कोणी शिकलेलं नाही. गेल्या महिन्यात दुकानात सौर पंपाचा कंट्रोलर घेऊन एक पोरगा आला. भर दुपारी पंप चालू असताना पॅनेलचा कनेक्टर हातानं ओढून त्यानं तो सोडवला होता. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसीला शून्य नाही, ती ज्वाला लांबत जाते. पोराच्या दोन बोटांची कातडी गेली होती आणि तो मला विचारत होता की कंट्रोलर दुरुस्त होईल का. मी त्याला बसवून तासभर हेच सगळं सांगितलं. तेव्हा मला तुझी आठवण आली होती, आणि दुसऱ्याच आठवड्यात तुझा तो फोन आला.

तुझी आई गुरुवारी पुण्याला येतेय. तिच्याबरोबर कॅपॅसिटर उतरवायला एक पाइपची काठी पाठवतोय. आत ४.७ किलोओहमचा २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आहे, दोन्ही तारा हजार व्होल्टच्या आहेत. ४७० मायक्रोफॅरडला बारा सेकंद टेकवून धरायची. पण आधी तुमच्या लॅबच्या मोठ्या सरांना दाखव. त्यांच्याकडे तपासून प्रमाणित केलेली असेल तर तीच वापर, माझी कपाटात ठेव. पिशवीत वर पेरू आहेत, अजून कच्चे आहेत, दोन दिवस राहू दे.

आणि स्केमॅटिकचा फोटो पाठव. ब्लीडर खरंच किती ओहमचा आहे, ते मला स्वतः बघायचंय.

तुझा,
मामा

ता.क. आजीच्या बांगड्या आणि गळ्यातली साखळी लॅबच्या बाहेर काढून ठेवत जा. एक छोटी डबी पिशवीत टाकली आहे, त्यासाठीच. स्टॅटिकसाठी मनगटाला जो पट्टा बांधता, तोही वीज चालू करायच्या आधी सोडायचा. शरीर अर्थला बांधून चारशे व्होल्टजवळ जायचं नसतं.